न चाखलेली खिचडी

सात ताटल्या चाखून झाल्या. पुढची माझी होती.

परीक्षक बाई दुसऱ्या शाळेतून आल्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा, हातात स्टीलचा चमचा. प्रत्येक ताटलीपाशी थांबायच्या, चमच्याच्या टोकावर थोडं घेऊन जिभेला लावायच्या, चमचा पाण्याच्या ग्लासात बुडवायच्या, पुढे सरकायच्या. दहावीची गृहविज्ञानाची प्रॅक्टिकल होती. कुणी काय करायचं ते चिठ्ठ्या काढून ठरलं होतं. मला आजारी माणसाचं जेवण आलं, मुगाच्या डाळीची खिचडी. मी ती मन लावून केली होती. डाळ आधी कोरडी भाजून घेतली, माय घेते तशी. वरून तुपात जिरं.

चमचा माझ्या ताटलीवर आला. तेवढ्यात सरोज बहनजी पुढे झाल्या. लखनौत शिकवणाऱ्या बाईंना बहनजी म्हणतात. गृहविज्ञान त्याच शिकवायच्या. परीक्षक बाईंच्या कानाशी त्या वाकल्या, पण आवाज काही तेवढा हळू नव्हता.

"इसका रहने दीजिए। नंबर मैं बता दूँगी।"

चमचा थांबला. परीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बहनजींकडे पाहिलं, आणि त्या समजल्या. असल्या गोष्टी फार समजावून सांगाव्या लागत नाहीत. चमचा कशालाच लागला नव्हता, तरी त्यांनी तो ग्लासात बुडवला आणि पुढच्या मुलीकडे गेल्या. तिचा दलिया करपला होता. पूर्ण खोलीत वास सुटला होता. तो त्यांनी चाखला.

मार्क मात्र मला चांगले दिले. हे मला आजही बोचतं. कमी दिले असते तर भांडता आलं असतं. चांगले देऊन त्यांनी माझं तोंड बांधलं. लखनौ शहर असंच आहे. इथे लाथसुद्धा "आप" म्हणून घालतात.

आम्ही बौद्ध. मूळचे वर्ध्याकडचे. त्याआधी गाव आम्हाला महार म्हणायचं, तेही लिहून टाकते, म्हणजे कुणाला चाचपडायला नको. बाबूजी, म्हणजे माझे वडील, नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि पुढे फौजेच्या पाणीपुरवठ्यात लागले. बदली होऊन लखनौ छावणीत आले. पंप चालवायचे. साहेबांच्या बंगल्यांना, मेसला, देवळाला, सगळीकडे बाबूजींनी चढवलेलं पाणी जायचं. त्या पाण्याची जात कुणी विचारली नाही.

इथे आमचं आडनाव कुणाला वाचता येत नव्हतं. ते "कर"वर संपतं. महाराष्ट्रात दोन मिनिटांत पत्ता लागला असता. इथे "कर" म्हणजे मराठी आणि मराठी म्हणजे पंडित, म्हणजेच ब्राह्मण, असा सगळा कारभार. मी सहावीतून सातवीत गेले तेव्हा सरोज बहनजी आमच्या वर्गशिक्षिका झाल्या. गोऱ्या, ठेंगण्या, खळ दिलेल्या साड्या. पहिल्याच आठवड्यात माझा डबा उघडून पाहिला. पोहे होते. एक घास घेतला आणि मग चमचाच मागवला.

"मूँगफली ज़्यादा डलवाया करो माँ से," म्हणाल्या.

त्यानंतर दोन वर्षं मायने माझ्या डब्यात दोन माणसांचे पोहे भरले, शेंगदाणे मूठभर जास्त. मायला एक अक्षर येत नव्हतं. पोरीची मास्तरीण आपल्या हातचं खाते, याचा तिला इतका अभिमान होता की छावणीतल्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या सगळ्या बायांना सांगून झालं होतं. बहनजी इतर मुलींना म्हणायच्या, "देखो, महाराष्ट्र के पंडितों के यहाँ कैसी सफ़ाई रहती है।"

मी बारा वर्षांची होते. मला सगळं कळत होतं, आणि मी गप्प बसले. मला ते आवडत होतं, खोटं कशाला सांगू. पहिल्या बाकावर बसायला मिळत होतं, फळा पुसायला मिळत होता. मी एकदाही म्हटलं नाही की बहनजी, आम्ही पंडित नाही. ही चूक माझी. बाकीचं सगळं त्यांचं, पण एवढी माझी.

ती चूक बाबूजींनी सुधारली, आणि न कळता सुधारली.

आठवीच्या वर्षी चौदा एप्रिलला बाबूजी शाळेत आले. धुतलेला पांढरा शर्ट, हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा. स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. आज हमारे बाबा की जयंती है, म्हणाले, और बिटिया गणित में फ़र्स्ट आयी है. बहनजींनी हसून लाडू उचलला. ओठांपर्यंत नेला. आणि सहज विचारलं, "कौन-से बाबा? कोई संत हैं आपके उधर?"

बाबूजींनी खिशातून पाकीट काढलं. पाकिटातला फोटो काढला. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. दोन बोटांत धरून त्यांच्यासमोर केला. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी खाली बघितलं.

लाडू तोंडाजवळून खाली आला. पुड्यात परत गेला.

"आज मेरा व्रत है," बहनजी म्हणाल्या.

ना एकादशी होती ना मंगळवार. सकाळीच त्यांनी माझे पोहे खाल्ले होते. बाबूजी घरी येऊन मायला म्हणाले, "मॅडमचा उपास होता, पण पुडा ठेवून घेतला." बिचारे खूश होते. मी त्या दिवशी बाबूजींवर चिडले. बहनजींवर चिडायचं होतं ते राहिलं. माझं छान चाललं होतं, त्यात हा माणूस फोटो घेऊन आला, असं वाटलं मला. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवसापासून डबा भरलेला परत येऊ लागला. मायने विचारलं, "काऊन गं, बाईले आवडत नाही का आता?" मी म्हटलं, उनका पेट ख़राब है. मी घरात हिंदीतच उत्तर द्यायचे. त्यानंतर ते पोहे मी वाटेत नाल्याच्या पुलावर बसून एकटीने संपवायचे, म्हणजे मायने पुन्हा विचारायला नको.

नववीत विषय निवडायचे होते. आमच्या बोर्डात मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा होती. मुभा, सक्ती नव्हे. पण शाळेत ते उलटं चाललं होतं. गणिताचा एकच वर्ग, त्यात कोण बसणार ते बहनजी ठरवायच्या. अधिकाऱ्यांच्या, वकिलांच्या मुली त्यात गेल्या. आठवीला गणितात पहिली मी होते. माझ्या फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हाताने गृहविज्ञान लिहिलं. मी म्हटलं, मुझे गणित चाहिए. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तुम लोगों की लड़कियों को हिसाब से क्या काम? चौका-बर्तन ढंग से सीख लो, वही काम आएगा।"

दहावीला गणित नाही म्हणजे पुढे सायन्स नाही. मला सायन्सच हवं होतं. बाबूजींच्या पंपावर दाब दाखवणारा काटा असायचा, तो का हलतो हे मला कळून घ्यायचं होतं. एवढीशीच इच्छा होती. ती एका पेनाने खोडली गेली, आणि घरी मी सांगितलं की गणिताच्या वर्गात जागा नव्हती.

दोन वर्षं मूग गिळून बसले. म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी काय झालं ते नीट सांगते. आधी म्हणाले, तुझी जागा चुलीपाशी. मी चुलीपाशी गेले. मग म्हणाले, तुझ्या चुलीवरचं आम्ही खात नाही. मग मी जायचं कुठे?

प्रॅक्टिकल संपली की सगळे पदार्थ स्टाफरूममध्ये जायचे. तशी पद्धतच होती. मुलींनी केलेलं बहनजी लोक मिळून खायचे. शाळेची दाई, म्हणजे वरकाम करणारी बाई, मोठं ताट घेऊन आली आणि एकेक ताटली उचलू लागली. माझ्यापाशी आली तेव्हा सरोज बहनजी दारातून म्हणाल्या, "वो गाय को डाल देना।"

दाईने माझ्याकडे पाहिलं. ती हात पुढे करीना. मीच ताटली उचलली.

स्टाफरूमचं दार उघडं होतं. दहाबारा जणी बसल्या होत्या, परीक्षक बाई मधल्या खुर्चीत. कुणाच्या तोंडात घास, कुणाच्या हातात पुरी. मी ताटली टेबलावर ठेवली, बहनजींच्या अगदी पुढ्यात.  सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"बहनजी, दो साल आपने मेरे डिब्बे से पोहा खाया है। मेरी माँ के हाथ का। वो अब कैसे निकालिएगा?"

 परीक्षक बाईंनी हळूच बहनजींकडे पाहिलं. त्या नजरेत किळस होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती. बहनजींच्या मानेवर लाल डाग उठत गेले. मी ते बघत उभी राहिले. मला आनंद झाला. त्याला दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी बाबूजींना बोलावणं आलं. प्रिन्सिपॉल बाईंनी एक कागद पुढे केला. मुलीने यावर सही करावी, नाहीतर बोर्डाच्या परीक्षेचं प्रवेशपत्र अडवू. कागदावर लिहिलं होतं की मी खोटं बोलले, सरोज बहनजींनी माझ्या घरचं अन्न कधीही खाल्लेलं नाही, आणि मी क्षमा मागते. उद्धटपणाबद्दल त्यात एक ओळही नव्हती. त्यांना दोन वर्षांचे पोहे पुसायचे होते.

बाबूजी घरी आले, कागद खाटेवर ठेवला आणि बूट न काढता बसून राहिले. म्हणाले, "लिहून दे, पोरी. कागदच तं आहे. साल वाया जाईल."

"नहीं लिखूँगी," मी म्हटलं.

माय परातीत कणीक मळत होती. तिने कागदात काय आहे ते विचारलं. बाबूजींनी वाचून दाखवलं, मराठी करून. लाडू का परत गेला, पोहे का परत यायचे, गणित का मिळालं नाही, सगळं मी त्या दिवशी सांगितलं. दोन वर्षं दडवलेलं. माय ऐकत होती. तिचे हात थांबले होते.

"माह्या हातचे पोहे खाल्ले ना तिनं?"

"खाल्ले."

"मंग खाल्ले नाही असं कसं लिहीन माही पोरगी?" मग बाबूजींकडे वळून म्हणाली, "खिचडी शिकायले शाळा कायले पायजे? ते मी शिकवीन. तिले गणित घेऊन द्या."

 बाबूजींनी पाकिटातला तो फोटो काढून बघितला, परत ठेवला. कागदाचे चार तुकडे केले. उठून पंपावर गेले.

माझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मी शाळेबाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. गणित घेतलं. शिकवायला कुणी नव्हतं. अमीनाबादच्या बाजारातून जुनी पुस्तकं आणली, कुंजी म्हणजे गाईड आणलं, आधी उत्तर पाहायचे आणि मग तिथपर्यंत कसं पोचायचं ते शोधायचे. पंपाच्या खोलीत बाबूजींच्या स्टुलावर बसून बीजगणित केलं. माझं डोकं काही फार मोठं नाही. पण डोक्यात राग असला की गणितं सुटतात, हे मी अनुभवाने सांगते. प्रत्येक गणित सुटलं की मी मनात म्हणायचे, घे, बहनजी.

पास झाले. सायन्स घेतलं, बीएससी केलं गणितात. इंदिरा नगरच्या एका खाजगी शाळेत शिकवायला लागले आणि आम्ही तिकडे खोली घेतली. पण रविवारी मी छावणीत जायचे. बंगल्यांच्या मागे नोकरांच्या खोल्यांची ओळ असते. धोबी, माळी, झाडूवाले, खानसामे. त्यांच्या मुली आठवीपर्यंत कशाबशा शिकतात आणि मग पुढच्या बंगल्यात भांडी घासायला जातात. मी त्यांना गणित शिकवायला बसले. कुणी म्हणेल समाजसेवा. मी सेवाबिवा काही केली नाही. मला माणसं जमवायची होती.

तीन वर्षांनी पाच मुली तयार झाल्या. सगळ्यांत तेज रामकली. इस्त्रीवाल्याची मुलगी, कपड्यांचे गठ्ठे मोजता मोजता पाढे पाठ झालेले. जुलैत मी पाचही जणींना घेऊन त्याच शाळेत गेले. नववीत प्रवेश, विषय गणित. पाच फॉर्म, स्वच्छ अक्षरात भरलेले.

प्रिन्सिपॉलच्या खुर्चीत सरोज बहनजी होत्या. केस पिकले होते. सुंभ जळला होता, पीळ तसाच. मला लगेच ओळखलं. मुलींना बाहेर उभं केलं आणि मला बसवलं. चहा मागवला, कपबशीत, बिस्किटांसह.

"पुरानी बातें भूल जाओ, बेटी। उस वक़्त मेरी भी मजबूरी थी।"

मी चहाला हात लावला नाही. फॉर्म पुढे सरकवले. त्यांनी नावं वाचली, बापांचे धंदे वाचले. मग फार प्रेमाने म्हणाल्या, "ये बेचारी गणित लेकर क्या करेंगी? गृहविज्ञान दिलवा दो। मैं ज़बान देती हूँ, इनके हाथ का मैं खुद खाऊँगी।"

त्यांना खरंच वाटत होतं की मला हेच हवं असणार. इतक्या वर्षांनी तोंड उघडून एक घास घ्यायचा, आणि मी पाया पडणार.

"खाइए मत," मी म्हटलं. "दस्तख़त कीजिए।"

जागा नाही म्हणाल्या. मी पिशवीतून बोर्डाच्या नियमाची नक्कल काढली. मुभा आहे, सक्ती नाही, त्याखाली मी लाल रेघ ओढली होती. म्हटलं, नाही म्हणता तर का नाही ते लिहून द्या, खाली सही करा, तो कागद मी शाळा निरीक्षकांच्या ऑफिसात देते. लिहून देणं त्यांना नको होतं. ज्यांनी एकदा माझ्याकडून खोटं लिहून मागितलं होतं, त्यांचा आता खरं लिहायला हात उचलेना.

आम्ही ऑफिससमोरच्या व्हरांड्यात बसलो. पाच मुली आणि मी. माझ्या शाळेतून मी रजा घेतली होती. मुली मोठ्याने गणितं सोडवायच्या. रामकलीला मी सगळ्यांत पुढे बसवलं, कारण तिचा आवाज खणखणीत होता. येणाऱ्याजाणाऱ्या पालकांना ऐकू जायचं. चार दिवस. पाचव्या दिवशी दुपारी शिपाई फॉर्म घेऊन बाहेर आला. पाचही फॉर्मांवर सही होती.

त्या दिवशी व्हरांड्यात चारच मुली होत्या.

रामकलीचा बाप ज्या बंगल्याचे कपडे इस्त्री करायचा, तिथल्या मेमसाहेबांची मुलगी याच शाळेत होती. मेमसाहेब त्याला म्हणाल्या, तेरी लड़की स्कूल में नेतागिरी कर रही है, खोली सोडायची आहे का? त्याने आदल्या संध्याकाळी रामकलीला हरदोईच्या गाडीत बसवलं. मामाकडे. सहा महिन्यांत तिचं लग्न झालं. सही केलेला तिचा फॉर्म माझ्याकडे आहे. तिला पुढे बसवणारी मीच होते, हे मी कुणावर ढकलत नाही. पण बहनजींनी पहिल्या दिवशी सही केली असती तर ती आज इंटरला, म्हणजे बारावीला असती.

लोक मला सांगतात, आता सोड. चार मुली तर शिकल्या. बाबूजीसुद्धा म्हणतात, पोरी, मनात इतकं ठेवू नये. मी ठेवते. मी माफ केलेलं नाही, आणि वय वाढल्यावर करीन अशी आशा कुणी धरू नये. दर जुलैत मी फॉर्म घेऊन त्या खुर्चीसमोर बसते. दर जुलैत चहा येतो. तो तसाच निवतो. गेल्या वर्षी अकरा फॉर्म होते. बहनजींनी एक शब्द न बोलता अकरा सह्या केल्या. प्रत्येक सहीनंतर त्या पेन ठेवून बोटं चोळत होत्या, आणि मला अजिबात दया आली नाही.

त्या आता दोन वर्षांत रिटायर होतील. मोठा निरोप समारंभ होईल. हार घालतील, शाल देतील, त्यांनी मुलींसाठी किती केलं याची भाषणं होतील. मला बोलावणार नाहीत. मी जाणार आहे. हरदोईला जाऊन रामकलीला घेऊन येईन, तिचा तो फॉर्म तिच्या हातात असेल. आणि माझ्या हातात पोह्यांचा डबा असेल, तोच जुना. स्टेजवर जाऊन सगळ्यांसमोर झाकण उघडीन आणि चमचा पुढे करीन. खाल्लं तर सगळ्यांसमोर खातील. नाही खाल्लं तर सगळ्यांसमोर नाही खाणार. कानात कुजबुजून निभावायची तिसरी वाट मी ठेवणार नाही.

मायला आत्ताच सांगून ठेवलंय. तिला हल्ली नीट दिसत नाही, पण पोहे ती अजून स्वतःच करते. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "शेंगदाणे जास्त टाकीन. तिले आवडत होते."